बुधरीनं तोडलेली दोरी

"हे कोणी खरं मानणार नाई, अन् मानूही नका," असं म्हणत मुखरूनं तेंदूच्या पानांचा ढीग स्वतःकडे ओढला. "पण आमच्या बुधरीच्या पायांले असा वेग होता, का तिची सावली मागं राहून जाये. ही घरी येऊन आंबील पिऊन आडवी होये, अन् सावली दिवस बुडता बुडता रस्ता इचारत घरी पोचे."

मांडवातल्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. माहेरची वाट त्यांनी जितक्या वेळा तुडवली नसेल तितक्या वेळा ही सावली ऐकली होती, तरी हसल्या. तेंदूच्या दिवसांत मुखरू बोलला नाही तर कोणाचे हातच चालत नाहीत, असं मोहटोल्यात सगळ्यांचं मत होतं. पहाटे जंगलात जाऊन पानं तोडायची, दुपारी सावलीला बसून पानावर पान लावत सालीच्या दोरीनं त्यांचे पुडे बांधायचे, आणि उन्हं उतरली की ते ठेकेदाराच्या माणसांपुढे नेऊन मांडायचे. मधली ही दुपार तेवढी मुखरूची.

एकटी मंगली हसली नव्हती. बुधरीची ही नात खाली मान घालून पुडे बांधत होती आणि गाठी जरा जास्तच आवळत होती. गेल्या आठवड्यात गडचिरोलीच्या मैदानावर सगळ्या तालुक्यांच्या पोरींना मागे टाकून ती पहिली आली होती. तिथल्या खेळांच्या वसतिगृहातल्या बाईंनी निरोप दिला होता की उद्या सकाळच्या बसनं पोरीला घेऊन या, आम्ही ठेवून घेतो, शिकवतो. उद्या आली नाही तर जागा दुसरीला जाईल. आणि मंगलीचा बाप कोलू कालपासून एकच सांगत होता, नाही म्हणजे नाही.

म्हणून तर मुखरूनं आज सावली बाहेर काढली होती. बुधरी त्याची धाकटी बहीण, म्हणजे कोलू सख्खा भाचा. या भाच्याला सरळ सांगायला गेलं की तो मान फिरवतो, हे मामाला पुरतं ठाऊक होतं. पण गुळात गुंडाळली तर कडू गोळीही पोटात जाते. बुधरी गोंडपिपरीच्या शर्यतीत धावली होती, ती गोष्ट कोलूनं लहानपणी याच मामाच्या मांडीवर बसून ऐकली होती. आज तीच गोष्ट जरा नीट रंगवली, तर पोरीची बस सुटणार नाही.

बुधरी स्वतः मांडवाच्या खांबाला टेकून बसली होती. केस पिकलेले, पाय समोर लांब सोडलेले, पिंडऱ्यांवरचं गोंदण निळसर विटलेलं. या गोष्टीत सगळीकडे तीच असे, पण इतक्या वर्षांत तिनं कधी हूं की चूं केलं नव्हतं.

मुखरूनं सुरुवात केली ती थेट अस्वलापासून.

तेव्हा गडचिरोली वेगळा जिल्हा नव्हता. सगळा मुलूख चांद्याचा, म्हणजे आताच्या चंद्रपूरचा. वैनगंगेच्या या काठाला मोहटोला, त्या काठाला गोंडपिपरीची वाट, आणि मधे झाडाचं खोड कोरून केलेला एक डोंगा. बुधरी सोळा-सतरा वर्षांची असेल. मोहाच्या दिवसांत झाडाखाली अस्वलाच्या आधी पोचावं लागतं, नाहीतर पडलेली फुलं तेच खाऊन जातं. बाकीच्या बाया अस्वलाची चाहूल लागली की थबकत. बुधरी त्याच्या शेजारून धावत पुढे जाई. एक म्हातारं अस्वल म्हणे तिच्याशी पैजा लावून लावून इतकं दमलं, की पुढे पुढे नुसतं झाडाखाली बसून राही आणि ही मूठभर फुलं टाकेल तेवढी खाई. इकडे मोहटोल्यात कोंबडा आरवला की बुधरी निघे, आणि त्याचं आरवणं शेजारच्या टोल्यावर, म्हणजे वस्तीवर ऐकू जायच्या आत ती तिथे पोचलेली असे. डोक्यावर टोपली असली तरच जरा हळू. रिकाम्या डोक्यानं धावली तर वाराच उचलून नेईल, या भीतीनं आई तिच्या डोक्यावर जातं ठेवी.

"पुरं जातं नाई," मुखरूनं हात वर केला. "खालची तळीच फक्त. उगाच खोटं काऊन बोलू?"

अशा या मुलीला गुणवंतराव साहेबांनी पाहिलं. विकास खंडाची कामं तेव्हा नवी नवी निघाली होती आणि गुणवंतराव त्याचे साहेब. खताचा खड्डा कसा करायचा ते गावोगाव सांगत फिरत. डोक्यावर टोपी, तोंडात पान, आणि खाली सरकारी जीप. मोहटोल्याच्या वाटेवर त्यांच्या जीपला एक मुलगी डोक्यावरच्या टोपलीसकट मागे टाकून गेली. साहेबांनी भोंगा वाजवला, पण मुलगी काही हाती लागली नाही.

पलीकडे गावातलाच पत्रू पुडे बांधत बसला होता. तो म्हणाला, माझा बाप तर सांगे की जीप नाल्याच्या रेतीत फसली होती.

"फसली होती ना," मुखरू म्हणाला. "पण चाकं फिरून राह्यली होती का नाई? चाकं फिरली म्हणजे जीप चाललीच."

कोलूच्या मिशीखाली काहीतरी हललं. मुखरूनं ते टिपलं आणि पुढचा पुडा बांधायला घेतला.

साहेबांनी घरी येऊन सांगितलं की गोंडपिपरीला बाजाराच्या दिवशी खेळ ठेवले आहेत, आणि यंदा बायकांचीही शर्यत आहे. चांद्याच्या, वरोऱ्याच्या शाळेतल्या मुली येणार आहेत. पहिली येईल तिला पितळी घागर, आणि तिला नागपूरच्या मोठ्या शर्यतीलाही नेणार. मोहटोल्यातल्या बाया आठ दिवस हसत होत्या. बाईमाणूस धावतं ते बैल सुटला म्हणून, नाहीतर पोर विहिरीकडे गेलं म्हणून. घागरीसाठी कोणी धावतं का, असं एकमेकींना विचारत होत्या. पण जिनं तिनं आपापलं काही तरी बुधरीला आणून दिलं. कोणी तळपायांना लावायला मोहाच्या टोळंबीचं, म्हणजे बियांचं तेल, कोणी शिदोरीला चिंचेची चटणी. एकीनं आपलं धड, न फाटलेलं लुगडं दिलं.

इथे मुखरूच्या गोष्टीत एक जागा होती. ती तो दरवेळी वळसा घालून ओलांडी. आजही त्यानं तोंडातलं पान या गालातून त्या गालात घेतलं आणि तेवढ्या वेळात ते सगळं त्याच्या डोळ्यांपुढून गेलं.

शर्यतीच्या आधी गाव बांधलेलं होतं. आजूबाजूला रोगराई निघाली की भुमक, म्हणजे गावचा पुजारी, वाटेवर पानं ओवलेली दोरी आडवी बांधी. तो स्वतः सोडेपर्यंत ती कोणी ओलांडायची नाही, आतल्यानं नाही आणि बाहेरच्यानंही नाही. बुधरी लहान असताना एक फिरता बांगड्यावाला तशी दोरी उचलून गावात आला होता. त्या साली देवीच्या साथीत त्यांची सगळ्यांत धाकटी बहीण गेली. बांगड्यावाल्यानं रोग आणला की नाही, ते कोण सांगणार. पण तेव्हापासून आडवी दोरी दिसली की बुधरीचे पाय आपोआप थांबत. कोणाच्या बकरीचं दावं वाटेवर ताणलेलं असलं, तरी ती बकरी सरकेपर्यंत उभी राही. गावच्या पोरी तिला यावरून चिडवत.

भुमकानं दोरी सोडून गाव मोकळं केलं त्याच दिवशी पहाटे भाऊबहीण निघाले. गावातून बाकी कोणी आलं नाही, मोहाचा हंगाम होता. ती पहाट मुखरूला अजून जशीच्या तशी आठवे. वाळू रात्रभरानं गार पडलेली. मोहाचा गोड, आंबूस वास नदीपर्यंत सोबत आलेला. डोंग्यात बुधरी पुढे बसली होती, पाय पाण्यात सोडून. आपण काय करायला चाललो आहोत याची भीती तिला नव्हती, मुखरूलाच होती. त्यानं तिला विचारलं होतं, लाज नाही का वाटत एवढ्या लोकांपुढे धावायची. ती म्हणाली होती, तुम्ही लोक बघायला नसता तेव्हाही मी धावतेच.

हे त्यानं गोष्टीत कधी घातलं नव्हतं. इतकं साधं वाक्य कोण ऐकेल?

"मग काय झालं मामा?" कोलूनंच विचारलं. पुढचं ठाऊक असूनही विचारलं, याचा मुखरूला आनंद झाला.

मग गोंडपिपरीचा बाजार. तळ्याच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून सुरुवात, चिंचांच्या रांगेखालून वाट, आणि बाजाराच्या मैदानात शेवट. शाळेच्या मुली पांढऱ्या कापडी बुटांत ओळीनं उभ्या. त्यांत वरोऱ्याची इंदू नावाची एक उंच मुलगी, दोन वेण्यांना लाल फिती, दोन वर्षं सगळीकडे पहिली येणारी. आणि शेवटी बुधरी, अनवाणी, कासोटा घट्ट, गुडघ्यापासून खाली गोंदण. गर्दीत काही माणसं फिदीफिदी हसली. इंदू मात्र हसली नाही. तिनं बुधरीचे पाय पाहिले आणि आपल्या बुटांचे बंद पुन्हा एकदा बांधले.

शिट्टी वाजली. मुखरूच्या म्हणण्याप्रमाणे बुधरी चिंचेच्या पहिल्या झाडापाशी पोचली, तेव्हा शिट्टीचा आवाज धापा टाकत मागून आला. तिच्या वाऱ्यानं चिंचा गळाल्या आणि पोराटोरांनी दोन दिवस वेचून खाल्ल्या. एका म्हाताऱ्या मास्तरांचा रुमाल उडाला तो थेट गोंडपिपरीच्या बाहेर सापडला, कोणत्या तरी बैलाच्या शिंगावर.

पण त्यातलं एक खरं होतं आणि त्यात मुखरूनं मीठसुद्धा घातलं नव्हतं. बाजारातल्या बायांनी तराजू टाकले. मिरचीवाली आपल्या ढिगावरून उठून बैलबंडीवर चढली. ज्यांनी गावातल्या माणसांपुढे कधी मान वर केली नव्हती, त्या डोक्यावरचा पदर खाली पडला तरी ओरडत होत्या. कोणत्या पोरीसाठी ओरडतो आहोत, हेही त्यांना ठाऊक नव्हतं. धावणाऱ्या सगळ्याच आपल्या होत्या. मिरचीवालीच्या मागे लहान मुली धावत सुटल्या आणि कितीतरी वेळ मैदानात उगाचच धावत राहिल्या. इतकी वर्षं झाली, त्या बायांचा तो आवाज मुखरूच्या कानातून गेला नव्हता. पुरुषांच्या घशातून तसा आवाज निघत नाही.

"अन् दोरी?" मुखरू जरा सावरून बसला. "दोन मास्तर दोन टोकं धरून उभे. पांढरी सुताची दोरी. बुधरीनं ते अशी तोडली, जशी कोळ्याची जाळी. तोडली ते तोडली, थांब म्हणून तिले कोणी सांगितलंच नाई. धावतच राह्यली. छातीवर दोरी घेऊन वैनगंगेपर्यंत गेली, डोंगा पलीकडे होता म्हणून पाण्यावरूनच निघून गेली. गुडघेसुद्धा भिजले नाई."

घागर मग मुखरूनं मागून डोंग्यात घालून आणली. पण मधल्या धारेत डोंगा कलला आणि घागर मगरीनं नेली.

मागच्या खेपेला अस्वलानं नेली होती, असं पत्रूनं आठवण करून दिली.

"अस्वलानंच नेली. त्यानं नदीत टाकली, मंग मगरीनं नेली."

आणि नागपूर? नागपूरला ती गेली नाही, कारण गाव लहान पडलं असतं. चार ढांगांत संपलं असतं नागपूर, मग पुढे धावायचं कुठे?

बायका पुन्हा हसल्या. मुखरूनं हळूच भाच्याकडे पाहिलं. आता कोलूही हसेल, आणि हसलेला माणूस नाही म्हणत नाही, असा त्याचा अंदाज होता. पण कोलू हसला नाही. त्यानं हातातला पुडा बांधून बाजूला ठेवला.

"मामा, माय जिंकली ना? पहिली आली ना?"

"आली म्हणजे काय."

"मंग तिले काय भेटलं? घागर गेली. नागपूर राह्यलं. अख्खा जनम मोहा वेचला, पानं तोडली, अन् आता इथी बसून पुडे बांधून राह्यली. पहिली येऊन मायले काही भेटलं नाई, तं मंगलीले काय भेटणार हाये? चार लोक टाळ्या वाजवतीन अन् परत पाठवतीन. पोरगी तिथी रडत बसल्यापेक्षा इथी बरी."

हे तो रागानं बोलला नाही. त्याचीच मुखरूला भीती वाटली. रागाला उत्तर देता येतं. कोलू तर अगदी हळू, आईकडे न पाहता, इतकी वर्षं मनात ठेवलेलं बोलल्यासारखा बोलला. लहानपणी मांडीवर बसून ऐकलेली गोष्ट त्यानं खरी मानली होती. नुसती खरी मानून थांबला नव्हता, तिच्यावरून त्यानं काहीतरी शिकूनही ठेवलं होतं.

मुखरूनं तोंड उघडलं. अस्वल, मगर, कोंबडा, जातं, सगळं त्याच्या जवळ होतं. त्यातलं एकही इथे कामाचं नव्हतं. त्याला पहिल्यांदाच वाटलं की आपणच वाटेवर दोरी बांधून बसलो आहोत, आणि पोरगी अलीकडे उभी आहे. मंगलीचे हात थांबले होते.

"मंगली," बुधरी म्हणाली, "तुझं दुसरं झंपर धुवून टाक. उद्यापर्यंत वाळलं पायजे."

कोलूनं मान वर केली. माय, मी नाही म्हटलं ना, असं तो म्हणू लागला. तू जिंकून आलीस तरीसुद्धा...

"सावलीचं राहू दे, भाऊ," बुधरी मुखरूकडे पाहून म्हणाली. तिनं हातातलं पान खाली ठेवलं नव्हतं. "अस्वलाचंही राहू दे, मले ऐकाले गोड लागते. पण दोरीचं खोटं हाये. मी दोरी तोडलीच नाई."

कोणी हसलं नाही. पत्रू हातातला पुडा घेऊन जवळ सरकला.

"सगळ्यांच्या पुढं होती मी. मागं वळून पाह्यलं तं ते वरोऱ्याची पोरगी चिंचेपाशी दिसे. अन् समोर दोरी. आडवी. माझे पाय तिथीच थांबले. साहेब ओरडून राह्यले, हा भाऊ ओरडून राह्यला, तोड तोड. मले वाटे, मी तोडली तं कोणाच्या घरचं लेकरू जाईन. ते पोरगी मागून आली, माझा हात धरून म्हणे, चल बाई, काही नाई होत. मी हात सोडवून घेतला. मंग ते गेली. दोरी तोडली अन् तिथीच रडाले लागली, का हे माझं नाई म्हणून. घागर तिनं नेली. नागपूरले ते गेली. मगर-बिगर काही नव्हती."

"अन् तू इतके साल बोलली काऊन नाई?" कोलूनं विचारलं.

"मामा तुझा इतकं चांगलं जिंकवे मले. काऊन बोलू?" बुधरी म्हणाली. मग ती कोलूकडे वळली. "पण तू म्हणते, जिंकून काही भेटलं नाई. तसं नाई रे बापा. मी जिंकलीच नाई. एक पाऊल राह्यलं माझं. जिंकून काय भेटते, ते आपल्या घरात अजून कोणालेच ठाऊक नाई."

कोलूनं आईच्या पायांकडे पाहिलं. मग त्यानं मंगलीसमोरचा पानांचा ढीग दोन्ही हातांनी आपल्याकडे ओढला. मंगली क्षणभर बसूनच राहिली, आणि मग झंपर आणायला उठून गेली. आत जाता जाता ती दोनदा अडखळली. इतकी पळणारी पोर, पण चालताना पाय कुठे पडतात ते तिला कळत नव्हतं.

मुखरूला आता गप्प बसवेना. एक तरी गोष्ट हातात राहावी, असं त्याला वाटलं असावं. तो म्हणाला, ते सगळं खरं असेल, पण त्या दिवशी बुधरी दोरीपाशी थांबली तेव्हा तिच्यामागून तिची सावली आली, ती काही थांबली नाही. ती दोरीखालून सरळ निघून गेली नागपूरला, आणि तिथे पहिली आली. मी डोळ्यांनी पाहिलं.

"खोटं," बुधरी म्हणाली. "भर दुपार होती, भाऊ. सावली पायाखाली होती माझ्या."